रोशफोरचा कंदील

तमाशाच्या फडात सोंगाड्याला जी मुभा असते ती गावच्या पाटलालाही नसते. समोर सावकार लोडाला टेकून बसलेला असला, तरी सोंगाड्या त्याच्या ढेरीची, त्याच्या चोपडीची आणि त्याच्या व्याजाच्या हिशेबाची यथेच्छ टर उडवितो. लोक पोट धरधरून हसतात आणि सावकारालाही चारचौघांत हसल्यासारखे करावे लागते. वर्षभर जे बोलण्याची कोणाची छाती झाली नाही ते एका रात्रीत बोलून होते. गरिबाच्या हाती सत्ता नाही, कचेरीत ओळख नाही, वकिलाला द्यावयास पैसा नाही. हसणे मात्र त्याचे त्याच्याजवळ आहे, आणि त्यावर अजून कोणी पट्टी बसविलेली नाही. म्हणून सोंगाड्या हा रयतेचा बिनपगारी वकील होय असे आम्ही समजतो.

पण त्याच सोंगाड्याला लोकांनी खांद्यावर घेऊन उद्या चावडीवर नेऊन बसविले, तर तो तेथे काय करील? हा प्रश्न आम्ही गंमत म्हणून काढलेला नाही. थट्टेचे लेख लिहून किंवा नकला करून नावारूपाला यावयाचे, आणि मग मिळालेल्या टाळ्या मोजून मते मागावयास निघावयाचे, हा रिवाज आता जगभर पडला आहे. आमच्या शेतकऱ्याची पोरे बांधावर बसून मोबाइलवर अशा पुढाऱ्यांची भाषणे ऐकतात आणि बापाला म्हणतात, “आबा, कसा बोलतो बघा, एकेकाची सालपटे काढतो!” आबाही हसतात. हसू नये असे आमचे म्हणणे नाही. सालपटे कोणाची निघत आहेत हे आबांनी डोळे उघडे ठेवून पाहावे, एवढ्यासाठी या धंद्यातला एक जुना, नामांकित आणि शेवटी बदनाम झालेला पुरुष आज वाचकांपुढे उभा करीत आहो. त्याचे नाव आंरी रोशफोर. मुलूख फ्रान्स.

हा गृहस्थ १८३१ साली पॅरिस शहरात जन्मला. घराणे सरदाराचे. मार्कीस हा त्यांचा वंशपरंपरागत किताब. परंतु १७८९ च्या राज्यक्रांतीत घराण्याच्या जमिनी गेल्या आणि किताबाखेरीज काही उरले नाही. सुंभ जळाला, पीळ राहिला. बाप नाटक मंडळ्यांसाठी हलकीफुलकी नाटके लिहून पोट भरी. पोराने पॅरिसच्या नगरभवनात कारकुनी धरली, आणि कागद सारता सारता तोही नाटके व वर्तमानपत्री चुटके लिहू लागला. ‘शारिव्हारी’ आणि ‘फिगारो’ या पत्रांतून त्याचे नाव झाले. नगरभवनातली ही कारकुनाची खुर्ची वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

त्या वेळी फ्रान्सवर तिसरा नेपोलियन राज्य करीत होता. हा थोरल्या नेपोलियनचा पुतण्या. लोकांच्या मतांनी अध्यक्ष झाला, १८५१ च्या डिसेंबरात फौज रस्त्यावर आणून त्याने लोकांचेच राज्य बुडविले, आणि वर्षभरात स्वतः सम्राट झाला. कुंपणाने शेत खाल्ले ते असे. त्याच्या राज्यात वर्तमानपत्र काढावयाचे तर आधी सरकारची परवानगी पाहिजे, जामिनकी पाहिजे, आणि दोन-तीन ताकिदी आल्या की छापखान्याला कुलूप. सोळा-सतरा वर्षे असा कारभार चालल्यावर १८६८ साली सम्राटाने दोरी थोडी सैल सोडली आणि आगाऊ परवानगीची अट काढली. दोरी सैल होताच रोशफोर तीमधून निसटला. सरकारच्या दडपणामुळे ‘फिगारो’त त्याला जागा राहिली नव्हती, मे महिन्याच्या अखेरीस त्याने स्वतःचे चिमुकले साप्ताहिक काढले. त्याचे नाव ‘ला लांतेर्न’, म्हणजे कंदील.

हे नाव त्याने मोठे हुशारीने ठेवले होते. कंदील अंधारात उजेड पाडतो हे खरेच. परंतु १७८९ साली पॅरिसच्या संतापलेल्या जमावांनी उमरावांना याच रस्त्यावरच्या कंदिलांच्या टांगणीला फाशी दिले होते, हेही तेथले लहान पोर जाणत होते. पोलिसांनाही दोन्ही अर्थ कळले. पण नावावर खटला कसा भरावा?

अंक खिशात मावेल एवढा, मुखपृष्ठ लाल, किंमत चाळीस सांतीम, म्हणजे फ्रँकच्या निम्म्याहूनही कमी. पहिल्याच अंकाच्या आरंभी त्याने एक कोटी केली होती. फ्रेंच भाषेत प्रजाजनाला आणि विषयाला एकच शब्द आहे. त्याचा फायदा घेऊन त्याने देशातल्या प्रजेची शिरगणती सांगितली आणि असंतोषाचे विषय मात्र त्या मोजणीत धरलेले नाहीत असे सुचविले. सगळे पॅरिस हसले. दुसरा एक चुटका त्याहून खोल होता. तो म्हणाला, मी सुद्धा नेपोलियन घराण्याचा भक्त आहे हो. मात्र तिघांपैकी मला दुसरा नेपोलियन आवडतो. आता हा दुसरा नेपोलियन म्हणजे थोरल्याचा मुलगा. तो १८३२ साली कोवळ्या वयात व्हिएन्नास वारला आणि गादीवर कधी बसलाच नाही. त्याची राजवट उत्तम कशी, तर तीत लढाई नाही, कर नाही, राजवाड्याचा खर्च नाही! सरकारी वकिलाने या लिखाणावर बोट तरी कोठे ठेवावे? राजभक्तीचेच ते लिखाण. ज्या सुताराला, लोहाराला आणि चांभाराला सम्राटाच्या मेक्सिकोतल्या लढाईची झळ लागली होती, त्याला मात्र एका ओळीत सगळा ताळेबंद समजला. आमच्या मते रोशफोरच्या लेखणीचे खरे मोल असल्या ओळींत आहे. तिचा मार वर होता, तिला हिशेब होता, आणि जो मारला जात होता त्याच्या हाती फौज होती.

लाखाच्या वर अंक खपू लागले. ऑगस्टात जप्ती आली. एक वर्षाची कैद आणि दहा हजार फ्रँक दंड झाला. शिक्षा सांगितली तेव्हा आरोपी बेल्जियममध्ये. ब्रुसेल्सला व्हिक्टर ह्यूगो या हद्दपार कवीच्या घरी त्याने मुक्काम टाकला आणि कंदील तेथूनच पेटता ठेवला. सरहद्दीवरून अंक चोरून येत. सम्राटाचेच पोकळ पुतळे करून त्यांच्या पोटात अंक भरून आणले अशीही गोष्ट सांगतात. खरी नसली तरी रोशफोरला शोभणारी आहे.

१८६९ च्या नोव्हेंबरात पॅरिसची एक जागा रिकामी झाली. बेलव्हिल म्हणून कामकरी वस्तीचा तो भाग. तेथल्या मतदारांनी या परागंदा मार्कीसला निवडून दिले. आता पाहा, सरदाराच्या पोराला हातोडा धरणाऱ्यांनी कायदेमंडळात पाठविले, ते त्याने काय म्हणून? त्यांच्या मजुरीविषयी, घरभाड्याविषयी, कामाच्या तासांविषयी त्याच्याजवळ काही विचार होता म्हणून नव्हे. तो सम्राटाला सर्वांत जास्त बोचतो, एवढे एकच प्रमाणपत्र. त्या घटकेला ते पुरेसे होते हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सभागृहात गेल्यावर दिसून आले की कागदावर वाघ असलेला हा पुरुष उभा राहून बोलू लागला की वाक्ये सापडत नाहीत. त्याने पुन्हा वर्तमानपत्राचाच आश्रय केला.

त्याच वेळी एक रक्तरंजित प्रकार घडला. सम्राटाचा चुलतभाऊ पिएर बोनापार्ट आणि रोशफोरच्या गटाची पत्रे यांच्यात शिवीगाळ चालली होती. द्वंद्वयुद्धाचे निरोप इकडून तिकडे जाऊ लागले. १८७० च्या जानेवारीच्या दहा तारखेस व्हिक्टर न्वार नावाचा एक वार्ताहर, विशी नुकतीच ओलांडलेला, असाच निरोप घेऊन राजपुत्राच्या घरी गेला आणि राजपुत्राने त्याला गोळी घातली. दोन दिवसांनी नुईयी येथे अंत्ययात्रेला लाखभर माणूस जमले. प्रेत पॅरिसमध्ये न्यावे आणि तेथेच उठाव करावा असे काही तरुण ओरडू लागले. रस्त्यांवर फौज सज्ज होती. रोशफोरने लोकांना आवरले आणि दफन नुईयीलाच झाले. पुष्कळांनी त्याला भित्रा म्हटले. आम्ही म्हणत नाही. निःशस्त्र कामकऱ्यांना बंदुकांच्या तोंडी न देणे ही त्या दिवशीची खरी पुढारकी होती. त्याच्या साऱ्या आयुष्यात एवढा जबाबदारीचा दिवस दुसरा आम्हास दिसत नाही. पुढे काय झाले? खून करणाऱ्या राजपुत्राला खास न्यायालयाने मार्चमध्ये खुनाच्या आरोपातून सोडून दिले, आणि त्या खुनाबद्दल कडक लेख लिहिणारा रोशफोर सहा महिन्यांच्या कैदेत गेला. न्यायाची तराजू कोणीकडे झुकते हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

त्याच सालच्या सप्टेंबरात सम्राट प्रशियन फौजेच्या हाती सापडला आणि चार तारखेला पॅरिसने प्रजासत्ताकाची द्वाही फिरविली. लोकांनी तुरुंगाचे दार उघडून रोशफोरला बाहेर काढले, खांद्यावर घेतले आणि नगरभवनात नेले. ज्या इमारतीत तो कारकून म्हणून कागद सारीत होता, त्याच इमारतीत आता तो सरकारचा सभासद झाला! सोंगाड्या चावडीवर बसला तो हा दिवस.

आणि चावडीचे काम कसले होते? शत्रूचा वेढा पडलेला. धान्य आटत चाललेले. पुढे पुढे लोकांनी घोडे खाल्ले, उंदीर खाल्ले. भाकरी कोणाला किती, सरपण कोठून आणावयाचे, घरभाडे थकलेल्यांना रस्त्यावर काढावे की काय, असले शेकडो नीरस प्रश्न. रोशफोरकडे रस्त्यांवर मोर्चेबंदी उभारण्याच्या समितीचे अध्यक्षपद होते. दोन महिने झाले नाहीत तोच, ऑक्टोबरअखेरच्या गडबडीनंतर, त्याने राजीनामा दिला. सरकारने लोकांना निवडणुकीचे दिलेले वचन मोडले हे त्याचे कारण, आणि कारण खोटे नव्हते. पुढे १८७१ च्या फेब्रुवारीत पॅरिसने त्याला पुन्हा निवडून दिले. आल्सास आणि लोरेनचा मुलूख जर्मनांना तोडून देणारा तह पाहून त्याने मार्चमध्ये राजीनामा दिला. हेही कारण मोठे होते. १८८५ साली तिसऱ्यांदा निवडून आला. काही महिन्यांत तिसरा राजीनामा. प्रत्येक राजीनामा एकेकटा घेतला तर बाणेदार दिसतो. तिन्ही एका दोरीत ओवले म्हणजे असे दिसते की या गृहस्थाला दारावर धडका द्यावयास आवडे, दार उघडल्यावर घर झाडावयास आवडत नसे. मत देणारा बेलव्हिलचा सुतार मात्र राजीनामा देऊ शकत नव्हता. त्याला त्याच गल्लीत, त्याच भाड्याच्या खोलीत राहावयाचे होते.

मार्च ते मे १८७१ पॅरिसच्या कामकऱ्यांनी आपले स्वतंत्र नगरराज्य चालविले. त्यालाच कम्यून म्हणतात. रोशफोर त्याचा सभासद नव्हता. आपल्या पत्रातून कधी त्याची बाजू घेई, कधी त्याच्यावर टीका करी. मेअखेर सरकारी फौज शहरात शिरली आणि हजारो स्त्री-पुरुष भिंतीशी उभे करून मारले गेले. त्याआधीच रोशफोर पॅरिस सोडून निघाला होता. वाटेत पकडला गेला. लष्करी न्यायालयाने त्याला जन्मठेप हद्दपारी दिली. ह्यूगोने त्याच्यासाठी रदबदली केली, तरी १८७३ साली त्याला जहाजावर घालून दूर प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर पाठविले. त्याच जहाजावर लुईझ मिशेल नावाची एक शाळामास्तरीण होती. तिचाही गुन्हा तोच, कम्यूनचा.

येथे या दोघांची तुलना केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. १८७४ च्या मार्चमध्ये रोशफोर आणि पाच साथीदार रात्री पोहत-वल्हवत एका परदेशी जहाजावर पोहोचले आणि ऑस्ट्रेलियाला निसटले. पैसा पॅरिसच्या मित्रांनी पाठविला होता. जगभर वाहवा झाली. माने या थोर चित्रकाराने पुढे त्या पलायनाचे चित्र रंगविले. कैद्याने पळावे यात आम्हास वावगे वाटत नाही. पण मागे जे राहिले त्यांच्यावर पहारा कडक झाला, आणि त्यांचे चित्र कोणी काढले नाही. लुईझबाई मागे राहिली. तिने बेटावरच्या मूळच्या कनाक लोकांच्या मुलामाणसांना शिकविले. १८७८ साली कनाकांनी बंड केले. कारण काय? तर गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांच्या जमिनी घेतल्या आणि मोकाट गुरे त्यांच्या कंदांच्या वाफ्यांत घातली. ज्याच्या उभ्या पिकात जमीनदाराची गुरे एकदा तरी शिरली असतील, त्याला हे बंड समजावून सांगावे लागणार नाही. हद्दपार कम्यूनवाल्यांपैकी काहींनी त्या वेळी सरकारची बाजू घेतली. लुईझबाईने कनाकांची घेतली. एकटीसाठी देऊ केलेली माफी तिने नाकारली आणि १८८० साली सर्वांना माफी झाली तेव्हा ती परतली. तिला चुटके करता येत नसत.

रोशफोरही त्याच माफीने पॅरिसला आला. स्टेशनावर अफाट गर्दी. लगेच त्याने नवे दैनिक काढले, ‘लांत्रांसिजां’, म्हणजे तडजोड न करणारा. आता गादीवर सम्राट नव्हता. प्रजासत्ताकाचे दिवाण होते. त्यांच्यातही लुच्चे होते, ट्युनिस आणि टाँकिनच्या स्वाऱ्यांत पैसा करणारे होते, आणि त्यांच्यावर कंदील धरणे योग्यच होते. पण या सुमारास त्याच्या लेखणीत एक फरक पडला. पूर्वी तो काय चालले आहे ते दाखवी. आता कोण वाईट आहे तेवढेच सांगू लागला. पूर्वी चुटका वाचला की माणसाला काही कळे. आता शिवी वाचली की नुसते बरे वाटे. रोज सकाळी वाचकाला एक शत्रू पाहिजे, आणि तो कालच्यापेक्षा मोठा पाहिजे. दारूच्या गुत्त्याचे गणित वेगळे नसते.

१८८७ च्या सुमारास बुलांजे नावाचा एक देखणा सेनापती काळ्या घोड्यावर बसून लोकांच्या मनात भरला. संसद मोडीन, जर्मनांचा सूड घेईन, असा त्याचा डौल. सम्राटाला हसविता हसविता गादीवरून खाली खेचणारा रोशफोर आता या घोडेस्वाराचा भालदार झाला! गरिबांचा कैवारी म्हणून मिरविणाऱ्या या सेनापतीच्या निवडणुकांना एका राजपक्षीय सरदारणीने, युझेसच्या डचेसबाईंनी, तीस लाख फ्रँक पुरविले होते, हे पुढे उजेडात आले. कंदीलवाल्याला स्वतःच्या पायाखालचा हा अंधार दिसला नाही. १८८९ साली सेनापती खटल्याच्या भीतीने परदेशी पळाला. रोशफोरही पळाला आणि सहा वर्षे लंडनला राहिला. सेनापतीने १८९१ साली आपल्या प्रेयसीच्या थडग्यावर स्वतःला गोळी घालून घेतली.

१८९५ साली माफी होऊन रोशफोर परत आला. त्याच वर्षाच्या आरंभी, जानेवारीच्या पाच तारखेस, पॅरिसच्या लष्करी पटांगणात एका कॅप्टनच्या अंगावरची पदचिन्हे फाडून, त्याची तलवार मोडून त्याला देशद्रोही म्हणून फिरविले होते. त्याचे नाव आल्फ्रेड द्रेफ्यूस. जातीने यहुदी. यहुदी म्हणजे कोण हे जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या वाचकांस ठाऊक आहे; तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ ते हेच. द्रेफ्यूसचे घराणे आल्साससचे. तो मुलूख जर्मनांकडे गेल्यावर या घराण्याने फ्रेंच नागरिकत्व पत्करले होते. म्हणजे ज्या आल्साससाठी रोशफोरने १८७१ साली राजीनामा दिला, त्याच आल्साससचा, फ्रान्सला धरून राहिलेला हा माणूस. जर्मनांना लष्करी कागद विकल्याचा आरोप त्याच्यावर होता. पुरावा म्हणजे एक हस्ताक्षर, आणि ते दुसऱ्याच एका अधिकाऱ्याचे होते. पुढे असे निघाले की लष्करी कचेरीतल्या कर्नल आंरीने त्याच्याविरुद्ध बनावट कागदही तयार केला होता. खोटे दप्तर कसे रचतात हे आमच्या गावकऱ्यांना पिढ्यानुपिढ्या माहीत आहे.

अशा वेळी कंदील कोठे पाहिजे होता? सेनापतींच्या कपाटात. त्याने धरला कोठे? बेड्या घातलेल्या कैद्याच्या तोंडावर, आणि त्याच्या सगळ्या जातभाईंच्या तोंडावर. द्रेफ्यूसने प्रत्यक्ष जर्मन बादशहाशी पत्रव्यवहार केला होता अशी बनावट कथा रोशफोरच्या दैनिकाने १८९७ च्या डिसेंबरात छापली. यहुदी तेवढे लबाड, यहुदी तेवढे विकाऊ, हा रोजचा रतीब झाला. खटल्याची फेरतपासणी व्हावी म्हणणाऱ्या न्यायाधीशांच्या पापण्या कापून डोळ्यांवर विषारी कोळी बांधावेत, असे त्याने १८९८ साली लिहिले. लोक यालाही विनोद म्हणाले! द्रेफ्यूसला एका ओसाड खडकाळ बेटावर एकट्यालाच ठेवले होते. तो पळाल्याची खोटी बातमी उठली म्हणून १८९६ साली रात्री त्याचे पाय बिछान्याला बेड्यांनी जखडीत. आणि हे लिहिणारा कोण, तर स्वतः समुद्रापलीकडच्या बेटावरून पळून आलेला जन्मठेपेचा कैदी.

जातिवंत थट्टेखोराला हे कसे सुचले? काही म्हणतील, म्हातारपणी बुद्धी फिरली. आम्हास तसे वाटत नाही. बुद्धी शाबूत होती, भाषा तीच होती, धार तीच होती. सम्राटावर हसताना लोकांना पहिल्याने धाडस लागे. एका परक्या ठरविलेल्या जातीवर हसावयास काहीच लागत नाही. खप तर दोहोंनी होतो. सोपा रस्ता सापडल्यावर गाडीचे बैल आपण होऊन तिकडे वळतात, गाडीवानाने झोप काढली तरी चालते.

उलट त्याच १८९८ साली एमिल झोला या कादंबरीकाराने जानेवारीत आपले जळजळीत पत्र छापून सेनापतींना नावानिशी आरोपी केले आणि त्याबद्दल शिक्षा पत्करली. आणि ज्यां जोरेस या समाजवादी पुढाऱ्याने एकेक कागद तपासून पुराव्यांची लेखमाला लिहिली. त्याच्याच पक्षातले पुष्कळ म्हणत होते की द्रेफ्यूस हा श्रीमंत गिरणीवाल्याचा पोर, कामकऱ्यांना त्याचे काय? जोरेसचे म्हणणे असे की ज्याच्यावर एवढा अन्याय झाला तो आता श्रीमंत उरला नाही, तो नुसता दुःखी माणूस आहे. त्या लेखमालेत हशा एकही नाही. कामकऱ्यांनी ती वाचली.

आता थोडे आपल्या घरात. ब्राह्मणेतर चळवळीची लेखणी थट्टेवरच तेजाळली हे कोणी नाकारू नये. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० सालापासून ‘दीनमित्र’ चालविला आणि ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहून गावोगाव हशा पिकविला. पण तो हशा वतनावर होता, दप्तरावर होता, अडाण्याच्या अंगठ्याखाली लिहिल्या जाणाऱ्या खोट्या मजकुरावर होता. आणि हशा संपल्यावर काम झाले: कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले. चुटका एकीकडे, हुकूम दुसरीकडे, आणि दोहोंमध्ये शेतकऱ्याचा सातबारा. इतके सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे की आपल्याच पत्रांत कित्येकदा वतन सोडून माणसाच्या शेंडीवर, घरच्या बायकांवर आणि सबंध जातीच्या रक्तावर घसरलेले लिखाण येऊन गेले आहे. ते वाचूनही लोक हसले. आमचे काही स्नेही म्हणतात, समोरच्याने पिढ्यानुपिढ्या केले त्याची ही परतफेड आहे. रोशफोरलाही दर वेळी कारण सापडत असे.

आमचे एक वर्गणीदार, धंद्याने सुतार, परवा कार्यालयात येऊन म्हणाले, “दादा, असल्या माणसाला मत द्यावे की नाही ते एका शब्दात सांगा.” एका शब्दात आम्हास सांगता आले नाही. आम्ही त्यांना उलट विचारले, “तुमच्या हाताखाली पोरगा शिकायला आला तर त्याची परीक्षा कशी घेता?” ते म्हणाले, “तासणी त्याच्या हाती देतो आणि बघतो, लाकूड तासतो की माझा पाय.” याहून बरी कसोटी आम्हास सुचलेली नाही. थट्टेखोर उमेदवार दारी आला तर त्याच्या जुन्या थट्टांची चळत काढावी आणि एकेकीखाली लिहावे, हा घाव कोणावर बसला, त्याच्या हाती तेव्हा काय होते, आणि हशा ओसरल्यावर या गृहस्थाने पाण्याच्या, पिकाच्या, मजुरीच्या कोणत्या बैठकीला बसून काय केले. एका संध्याकाळचे काम आहे. घरातल्या शिकत्या मुलीला सांगितले तर ती जेवणवेळेच्या आत करून देईल.

द्रेफ्यूस १९०६ च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरला आणि त्याला पुन्हा फौजेत घेतले. रोशफोरने पुढच्या वर्षी आपले दैनिक सोडले आणि दुसऱ्याच्या पत्रात लिहू लागला. १९०८ च्या जूनमध्ये झोलाच्या अस्थी राष्ट्रपुरुषांच्या मंदिरात नेल्या, त्या समारंभाला द्रेफ्यूस हजर होता. तेथे एकाने पिस्तूल झाडून त्याच्या हाताला जखम केली. झाडणारा धंद्याने वर्तमानपत्रवाला होता. पंचांनी त्याला सोडून दिले. रोशफोर १९१३ साली वारला तोपर्यंत लिहीत होता.